वारंवार उलटणाऱ्या गाई : एका गोठ्यातील कृत्रिम रेतनाच्या प्रकल्प नोंदी

4 मार्च 2024

संगमनेर तालुक्यातील आमच्या गोठ्यात प्रामुख्याने संकरित होल्स्टिन गाई आहेत आणि त्यांच्यात दोन गीर संकरित आहेत. गेल्या वर्षभरात रेतनावर झालेला खर्च आणि प्रत्यक्ष गाभण राहिलेल्या गाई यांचा मेळ काही केल्या बसत नव्हता. दहा वेळा गाय भरवली, तर जेमतेम तीन वेळा गर्भ राहत होता. व्यायल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचा काळ अनेक गाईंमध्ये सहा महिन्यांच्या पुढे गेला होता. रेतनाच्या एका खेपेला दोनशे ते तीनशे रुपये लागतात, परंतु खरा तोटा तेथे होत नाही. रिकामी राहिलेली आणि दूध आटत चाललेली गाय रोज सुमारे 250 रुपयांचा चारा-खुराक खाते. माजाचे एक चक्र हुकले की 21 दिवसांचे 5,250 रुपये गेले, असा सरळ हिशेब आहे.

गावात अशा वेळी पहिला दोष कांडीला (गोठवलेल्या रेताच्या बारीक नळीला) आणि दुसरा वळूला दिला जातो. या नोंदी ठेवताना आम्ही ठरवले आहे की सर्व गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, कारण तसे केल्यास फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही. मोजायच्या गोष्टी दोनच आहेत : माजावर आलेल्या गाईंपैकी किती आपल्या लक्षात येतात आणि भरवलेल्या गाईंपैकी किती गाभण राहतात. या दोन प्रमाणांचा गुणाकार होतो, हे आम्ही आजवर विचारात घेतले नव्हते. शंभर रिकाम्या गाईंपैकी 21 दिवसांत पन्नास गाईंचा माज टिपला आणि त्यांतील चाळीस टक्के गाभण राहिल्या, तर हाती वीसच गाई लागतात. कांडी कितीही उत्तम आणली, तरी न दिसलेल्या माजाच्या पन्नास गाईंना तिचा काहीच उपयोग नसतो.

9 मार्च

जुनी माहिती तीन ठिकाणी विखुरलेली निघाली : भिंतीवरच्या कॅलेंडरवर अण्णांनी केलेल्या खुणा, दूध संकलन केंद्राची वही आणि रेतन करणाऱ्यांनी दिलेल्या पावत्या. त्या सर्व एका वहीत उतरवल्या आणि प्रत्येक गाईच्या दोन रेतनांमधले अंतर काढले. ही नोंद करण्यास एक संध्याकाळ लागली; मात्र पुढच्या कामाची दिशा तिनेच ठरवली.

गाय उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, आणि अंतर 18 ते 24 दिवसांचे असेल, तर चक्र नियमित आहे आणि माजही वेळेवर दिसला आहे, असे समजता येते. अंतर 36 ते 48 दिवसांचे असेल, तर मधला एक माज आपल्या नजरेतून सुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. दहा-बारा दिवसांतच गाय पुन्हा भरवलेली असेल, तर त्या दोनपैकी एका वेळी ती माजावर नव्हतीच. 25 ते 35 दिवसांचे अंतर असेल, तर राहिलेला गर्भ नंतर नष्ट झाला असावा किंवा आधीचा माज चुकीचा ओळखला गेला असावा, या दोन्ही शंका घ्याव्या लागतात.

आमच्या वहीत सर्वांत मोठा ढीग चाळीस दिवसांच्या आसपासचा होता. त्याखालोखाल दहा-बारा दिवसांची प्रकरणेही दिसली, म्हणजे कांडी योग्य जागी पडली असली तरी वेळ मुळातच चुकलेली होती. वळूंच्या क्रमांकानुसारही एक यादी करून पाहिली आणि ती लगेच बाजूला ठेवली. एका वळूच्या पाच-सात रेतनांवरून त्याच्या प्रजननक्षमतेचा निष्कर्ष काढता येत नाही; त्यासाठी शेकडो रेतनांची नोंद लागते आणि ती एका गोठ्याजवळ नसते.

18 मार्च

आजवर माज पाहण्याचे काम धारेच्या वेळी आणि चारा टाकताना होत असे. या दोन्ही वेळा त्यासाठी सर्वांत वाईट आहेत, कारण गाय गव्हाणीत तोंड घालून उभी असते आणि माणसाचे लक्ष बादलीकडे असते. दुसऱ्या गाईला अंगावर चढू देणे आणि त्या वेळी स्थिर उभे राहणे हे माजाचे खात्रीचे लक्षण आहे, परंतु दावणीला बांधलेल्या गाईत ते दिसण्याचा प्रश्नच येत नाही. हंबरणे, दूध अचानक कमी देणे, शेपटी बाजूला धरणे, योनीमार्ग सुजल्यासारखा लालसर दिसणे आणि सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) गाळणे ही लक्षणे त्याच्या आसपास असतात, पण त्यांतील एकेकट्यावर भरवसा ठेवता येत नाही.

गोठ्यालगतच्या मोकळ्या जागेला तारेचे कुंपण घातले आणि धारेनंतर गाई तेथे सोडण्यास सुरुवात केली. जमीन मातीची ठेवली आहे. सिमेंटच्या ओल्या कोब्यावर पाय सरकतो म्हणून गाई एकमेकींवर चढण्याचे टाळतात आणि खुरांचे दुखणे असलेली गाय तर माजावर असूनही कोपऱ्यात पडून राहते. अशा दोन गाईंची खुरे पशुवैद्यकांकडून साळून घेतली. कुंपण, खांब आणि मजुरी मिळून सुमारे 14,000 रुपये खर्च आला.

निरीक्षणाच्या वेळा पहाटे चार, दुपार, सायंकाळी धारेनंतर आणि रात्री दहा अशा ठरवल्या. प्रत्येक वेळी वीस मिनिटे नुसते बसून पाहायचे आणि हातात दुसरे काम घ्यायचे नाही, हा नियम केला. रात्रीची पाळी मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून घेतो.

2 एप्रिल

रात्रीच्या पाळीमुळे जे लक्षात आले, ते या नोंदींमधील सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून ते विस्ताराने लिहितो.

सकाळी माज दिसला तर सायंकाळी भरवावे आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे, हा नियम आमच्याकडे सर्वांना पाठ आहे. नियम चुकीचा नाही. माज सुरू झाल्यापासून साधारण 24 ते 32 तासांनी स्त्रीबीज सुटते आणि सुटल्यानंतर ते जेमतेम 6 ते 12 तास फलनक्षम राहते. शुक्राणूंना गर्भाशयात गेल्यावर फलनास योग्य होण्यासाठी सहा-आठ तास लागतात आणि ते सुमारे एक दिवस टिकतात. म्हणून शुक्राणू आधी पोहोचून स्त्रीबीजाची वाट पाहत असले पाहिजेत. तथापि हा सगळा हिशेब माज सुरू झाल्याच्या वेळेपासून मोजायचा असतो आणि आम्ही मात्र तो माज आमच्या नजरेला पडल्याच्या वेळेपासून मोजत होतो.

चंद्री नावाच्या गाईचे उदाहरण घेतो. रात्री दहाच्या फेरीत ती दुसऱ्या गाईंचा पार्श्वभाग हुंगत होती, परंतु कोणाला अंगावर येऊ देत नव्हती. साडेअकराच्या सुमारास ती स्थिर उभी राहिली. बॅटरीच्या उजेडात तिच्या शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ सोट लोंबत होता. दोन बोटांत धरून ताणला तेव्हा तो न तुटता वीतभर लांबला. पहाटे चारला ती अजूनही उभी राहत होती. सकाळी सातला मात्र ती शांतपणे रवंथ करत होती आणि केवळ शेपटीला वाळलेला सोट चिकटलेला होता. जुन्या पद्धतीने गेलो असतो, तर सकाळी सातला ‘आज सकाळी माज दिसला’ अशी नोंद झाली असती आणि गाय सायंकाळी सहाला, म्हणजे माज सुरू झाल्यापासून साडेअठरा तासांनी भरवली गेली असती. जास्त दुधाच्या गाईंमध्ये स्थिर उभे राहण्याचा काळ सात-आठ तासांवर येतो, हे वाचनात होते. ते गोठ्यात प्रत्यक्ष पाहायला मिळाले. अशा गाईंसाठी माजाच्या सुरुवातीपासून चौथ्या ते बाराव्या तासापर्यंतचे रेतन सर्वांत चांगले मानले जाते. चंद्रीला सकाळी साडेनऊला भरवले.

त्यामुळे आता वहीत दोन वेगळे रकाने केले आहेत : ‘शेवटची फेरी, जेव्हा माज नव्हता’ आणि ‘पहिली फेरी, जेव्हा माज दिसला’. माजाची खरी सुरुवात या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. मधले अंतर सहा तासांचे असेल, तर नेहमीचा नियम उपयोगी पडतो. ते बारा तासांचे असेल, तर गाय दिसताक्षणीच फोन करणे श्रेयस्कर ठरते.

आणखी एक लहान गोष्ट. माजानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही गाईंच्या शेपटीला रक्तमिश्रित सोट दिसतो. गाय उलटली असा त्याचा अर्थ लावला जातो, तो बरोबर नाही. माज होऊन गेला एवढेच त्यावरून समजते. गर्भ राहिला किंवा राहिला नाही यांपैकी काहीही समजत नाही. ज्या गाईचा माज दिसलाच नव्हता आणि रक्त मात्र दिसले, तिची तारीख आम्ही लाल शाईने लिहितो आणि सतराव्या दिवसापासून तिच्यावर लक्ष ठेवतो.

11 एप्रिल

रेतनाच्या वेळी प्रत्यक्ष काय होते, हे या आठवड्यात जवळून पाहिले. आमच्याकडे येणारे एक रेतन करणारे गृहस्थ कांडी वितळवूनच आणत असत. मोटारसायकलवर मागच्या वस्तीपासूनच ती खिशात ठेवलेली असे आणि वाटेत आणखी एक गोठा झाला, तर आमच्या गाईपर्यंत येईतो अर्धा तास सहज जाई. त्यांचा हात चांगला आहे आणि गाई त्यांना बुजत नाहीत, म्हणून त्यांना सोडण्याऐवजी गोठ्यावरच सोय करून देण्याचा मार्ग धरला.

0.25 मिलिलिटरची कांडी 35 ते 37 अंश सेल्सिअस पाण्यात निदान 30 सेकंद बुडवावी लागते. आम्ही एक रुंद तोंडाचा थर्मास आणि साधा तापमापक घेतला. दोन्हींना मिळून 600 रुपये पडले. त्याआधी पेल्यात कोमट पाणी घेऊन बोट बुडवून अंदाज घेतला जात असे. त्या अंदाजाने काढलेले पाणी तापमापकाने मोजून पाहिले, तेव्हा ते एकदा 31 आणि दुसऱ्यांदा 44 अंश भरले. दुसऱ्या वेळचे पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे होते. एप्रिलच्या दुपारी त्या नळाला गरम करावेच लागत नाही.

कांडी बाहेर काढल्यावर कोरडी पुसणे फार महत्त्वाचे आहे, कारण पाण्याचा एक थेंबही शुक्राणूंना मारक ठरतो. ती काटकोनात कापायची, तिरपी कापल्यास शीथमध्ये (गनवर चढवायच्या आवरणात) नीट बसत नाही आणि रेत मागे गळते. गन, म्हणजे रेत आत सोडण्याची लांब नळी, भरल्यानंतर ती उन्हात किंवा थंड लोखंडी दाराला टेकवून ठेवायची नाही. वितळवल्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या आत रेत गर्भाशयात गेलेच पाहिजे. गाईचा योनीमार्ग बाहेरून कागदाने कोरडा पुसण्याचे कामही आम्ही स्वतःकडे घेतले. पाण्याने धुतल्यास शेणाचे पाणी आत ओघळते. रेत गर्भाशयमुखाची शेवटची कडी ओलांडताच, गर्भाशयाच्या मुख्य भागात सावकाश सोडले जाते. गन पुढे ढकलून गर्भाशयाच्या एकाच शिंगात (शाखेत) सोडणे किंवा घाईने मुखातच सोडणे या दोन्हींनी यश घटते. ते काम मात्र पूर्णपणे हाताच्या सवयीचे आहे आणि त्यात बाहेरून सूचना करण्याजोगे काही नसते.

प्रत्येक रिकामी कांडी आता वहीत चिकटपट्टीने लावून ठेवतो. तिच्यावर वीर्य केंद्राची खूण, वळूचा क्रमांक आणि रेत गोठवल्याची तारीख छापलेली असते.

24 एप्रिल

‘कांडी खराब’ या तक्रारीचा छडा लावण्यासाठी रेतन करणाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या टाकीतील, कांड्या गोठलेल्या ठेवणारा द्रव नायट्रोजन मोजला. देशातील वीर्य केंद्रांसाठी ठरवलेल्या किमान मानकांनुसार एका रेतकांडीत 2 कोटी शुक्राणू असतात आणि वितळवल्यानंतर त्यांतील निदान निम्मे हलते असावे लागतात. केंद्रातून निघताना कांडी बहुधा ठीकच असते, पुढच्या प्रवासात तिचे काय होते हा खरा प्रश्न आहे. द्रव नायट्रोजनचे तापमान उणे 196 अंश असते. टाकीच्या गळ्यापाशी ते बरेच वर असते आणि एक कांडी शोधण्यासाठी सगळा डबा गळ्याबाहेर काढून क्रमांक वाचत बसले, की बाकीच्या कांड्याही अंशतः वितळून पुन्हा गोठतात. हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही आणि कांडी वरून तशीच टणक राहते.

लाकडी पट्टी टाकीत उभी घालून बाहेर काढल्यावर तिच्यावर जेथपर्यंत हिमाचा पांढरा थर धरतो, तेथपर्यंत पातळी समजावी. ती फक्त चार बोटे भरली. उन्हाळ्यात आणि खडबडीत रस्त्यांवर नायट्रोजन लवकर उडतो, त्यामुळे भरण्याचा नेहमीचा दिवस अलीकडे घ्यावा लागतो. आमच्या वस्तीवरच्या चार गोठ्यांनी मिळून दर महिन्याच्या जादा भरणीचा खर्च वाटून घेण्याचे कबूल केले. वाट्याला दीडशे रुपयांच्या आसपास येतात.

12 मे

मे महिन्यात काहीच साध्य झाले नाही. वेळ, कांडी आणि हात या तिन्ही गोष्टी सुधारूनही गाई उलटत आहेत आणि माजाची लक्षणेही मंदावली आहेत. दुपारी तीनला दोन गाईंचे गुदद्वारातील तापमान मोजले, ते 39.8 आणि 40.1 अंश भरले; निरोगी गाईचे ते 38.5 अंशांच्या आसपास असते. नुकत्याच फळलेल्या गर्भाला पहिल्या काही दिवसांतील अशी उष्णता सहन होत नाही.

पंखे, पाण्याची लहान मोटर आणि फवारे असा सुमारे 46,000 रुपयांचा खर्च केला. पहिल्या आठवड्यात फवारे सतत सुरू ठेवले आणि गोठा चिखलमय झाला. त्यातून एका गाईला कासदाह झाला, जो स्वतःच गर्भधारणेला बाधक असतो. आता पाठीवर मोठ्या थेंबांनी एक-दोन मिनिटे पाणी आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे नुसते पंखे, अशी आवर्तने लावली आहेत.

20 जून

पाऊस सुरू झाला, हवा थंड वाटू लागली आणि विजेचे बिल वाचवण्यासाठी पंखे बंद केले. गाई मात्र धापा टाकतच राहिल्या. तापमान आणि आर्द्रता यांच्या एकत्रित निर्देशांकाचा हिशेब करून पाहिल्यावर कारण समजले. हा निर्देशांक 72 च्या वर गेला की दुधाळ गाईंवर ताण येऊ लागतो आणि 25 अंश तापमान व 50 टक्के आर्द्रता असतानाच तो 72 च्या आसपास पोहोचतो. मे महिन्यातील 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेचा निर्देशांक 84 येतो. आजच्या 30 अंश आणि 80 टक्क्यांचा 83 येतो. माणसाला गारवा वाटतो, गाईला तो मिळालेला नसतो. दमट हवेत पाणी फवारून उपयोग होत नाही, कारण ते अंगावरून उडून जात नाही; त्यासाठी वाराच लागतो. पंखे त्याच दुपारी पुन्हा सुरू केले.

येथे आणखी एक हिशेब मनात ठेवावा लागतो. आज सुटणाऱ्या स्त्रीबीजाची वाढ सुमारे दीड महिना आधीपासून सुरू झालेली असते. त्यामुळे उन्हाळ्याचा परिणाम उन्हाळ्याबरोबर संपत नाही आणि जून-जुलैमधील अपयशावरून मार्च-एप्रिलमध्ये केलेल्या बदलांचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल.

8 जुलै

पशुवैद्यकांनी सर्व गाईंना अंगकाठीचे गुण दिले. एक ते पाच या मोजपट्टीवर व्यायच्या वेळी गाय तीन ते साडेतीन असावी आणि व्यायल्यानंतर तिने एका गुणापेक्षा जास्त अंग सोडू नये, अशी अपेक्षा असते. आमच्या सर्वाधिक दूध देणाऱ्या तीन गाई दोनच्या आसपास आल्या होत्या; कमरेची हाडे दुरून दिसत होती. दुधातून बाहेर जाणारी ऊर्जा खुराकातून भरून निघत नसेल, तर शरीर माजाचे काम मागे टाकते. भाकड काळातील गाय मात्र चारच्या पुढे होती, म्हणजे खुराक अगदी उलटा दिला जात होता. हे दोन्ही दुरुस्त केले.

आमच्याकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की महिनोन्महिने उसाचे वाढे हाच मुख्य हिरवा चारा असतो. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून येत्या हंगामात वाढे मुरघासात मिसळून आणि चुन्याच्या निवळीबरोबर देण्याचे ठरले. खनिज मिश्रण ‘मूठभर’ दिले जात असे. ते आता मापाने, दुभत्या गाईला रोज 100 ग्रॅम दिले जाते. लसूणघास आणि सरकी पेंड यांचा मारा कमी केला, कारण प्रथिने गरजेपेक्षा जास्त झाली की रक्तातील युरिया वाढतो आणि गर्भाशयातील वातावरण बिघडते. मुरघासाच्या खड्ड्याच्या कडेचा बुरशी आलेला थर तर आता सरळ उकिरड्यावर जातो. बुरशीची काही विषे गाईत माजाची खोटी लक्षणे निर्माण करतात.

3 ऑगस्ट

गौरी ही गाय वेळेवर माज दाखवते, चक्र बरोबर 21 दिवसांचे असते आणि तरीही ती गाभण राहत नाही. मागच्या वेतात तिची वार अडकली होती आणि ती हाताने ओढून काढण्यात आली होती. या वेळी तिचा सोट पंजावर घेऊन उजेडात पाहिला, तेव्हा त्यात पांढरे ठिपके दिसले, जे शेपटीवर वाळलेल्या सोटात दिसत नाहीत. पशुवैद्यकांनी गर्भाशयदाह असल्याचे सांगून उपचार केले आणि एक माज रिकामा सोडण्यास सांगितले. अण्णांना ते पटत नव्हते, कारण 21 दिवसांचा खर्च डोळ्यांसमोर होता. परंतु पू असलेल्या गर्भाशयात कांडी सोडणे म्हणजे तीच रक्कम आणि वर कांडीचे पैसे घालवणे होते. तो माज रिकामा सोडला.

याच कारणाने व्यायल्यानंतर साठ दिवसांच्या आत कोणतीही गाय भरवायची नाही, असे आता ठरले आहे. गर्भाशय पूर्ववत होण्यासच सहा आठवडे लागतात.

17 सप्टेंबर

सोनी दोन महिन्यांपूर्वी भरवलेली होती आणि आज दुसऱ्या गाईवर चढताना दिसली. रेतन करणारे दारात येऊन उभे होते, परंतु सोट घट्ट आणि चिकट वाटल्याने त्यांनी गन बाजूला ठेवून आधी हाताने तपासणी केली. गाय गाभण होती. काही गाभण गाई माजाची लक्षणे दाखवतात आणि अशा वेळी गन गर्भाशयमुखातून आत गेली, तर गर्भपात होऊ शकतो. दुसऱ्या गाईवर चढणे आणि स्वतः स्थिर उभे राहून चढू देणे या दोन गोष्टी वहीत वेगळ्या लिहिण्याचे हेही एक कारण आहे.

10 ऑक्टोबर

ज्या दोन गाईंचा माज चारही फेऱ्यांत कधीच दिसला नाही, त्यांची तपासणी झाली. दोघींच्या बीजांडकोशांचे काम सुरू होते, म्हणजे माज मुका (बाहेरून लक्षणे न दिसणारा) होता. त्यांच्यासाठी संप्रेरकांची ठरावीक वेळांची पद्धत वापरली, जी 1995 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी मांडली होती. आधी एक इंजेक्शन, सात दिवसांनी दुसरे, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा पहिल्याच औषधाचे आणि तेथून 16 ते 20 तासांनी माजाची वाट न पाहता रेतन, असा तिचा क्रम आहे. प्रत्येक गाईमागे औषधे व भेटी धरून 1,200 रुपयांच्या आसपास खर्च झाला.

ही पद्धत उपाशी किंवा आजारी गाईवर चालत नाही आणि इंजेक्शनच्या वेळा तासांच्या हिशेबाने पाळाव्या लागतात. शेवटचे इंजेक्शन सायंकाळी धारेच्या गडबडीत देण्याऐवजी ते दुपारी चारलाच द्यावे, म्हणजे रेतन दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते बारा या सोयीच्या वेळेत येते.

6 नोव्हेंबर

दिवाळीत गोठ्यावरचे कामगार गावी गेले आणि रात्रीच्या फेऱ्या बंद पडल्या. वहीतील ती पाने कोरी आहेत. त्याच काळात नेमक्या तीन गाईंच्या अपेक्षित तारखा होत्या आणि त्यांतील एकीच्या शेपटीला दुसऱ्या दिवशी रक्त दिसले, तेवढाच पुरावा उरला. पुढच्या वर्षी सणाच्या आधीच अपेक्षित तारखांची यादी दारावर लावायची आहे.

कालवडींसाठी लिंगनिर्धारित (बहुतेक मादी वासरेच व्हावीत अशा) रेतकांड्या घेतल्या. त्यांत शुक्राणूंची संख्या नेहमीच्या कांडीच्या सुमारे दहाव्या भागाएवढी, 20 लाखांच्या आसपास असते, त्यामुळे वेळ आणि हाताळणी यांतील ढिलाई तेथे लगेच भोवते. म्हणून त्या फक्त 275 किलोच्या पुढे गेलेल्या आणि नियमित माजाच्या कालवडींनाच वापरायच्या. वारंवार उलटणाऱ्या गाईंसाठी त्या आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

15 डिसेंबर

सोनोग्राफीने गर्भतपासणी झाली. ती तिसाव्या दिवशी करता येते, हाताने तपासणीसाठी दीड ते दोन महिने थांबावे लागते. तिसाव्या दिवशी गाभण आढळलेल्या गाईंचीही साठाव्या दिवशी पुन्हा तपासणी करत आहोत, कारण मधल्या काळात काही गर्भ नष्ट होतात. चंद्री एप्रिलच्या रेतनातून राहिली होती आणि आता भाकड आहे. गौरी उपचारानंतरच्या दुसऱ्या माजाला राहिली. मुक्या माजाच्या दोन गाईंपैकी एक राहिली आणि दुसरी उलटली.

ऑक्टोबरपासूनच्या रेतनांमध्ये दहापैकी जवळजवळ पाच गाई राहिल्या आहेत. हा आकडा पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण हिवाळ्यात तो तसाही सुधारतोच. पुढच्या उन्हाळ्याशी तुलना झाल्याशिवाय पंख्यांचे श्रेय पंख्यांना देता येणार नाही. चाळीस दिवसांच्या अंतराच्या नोंदी मात्र वहीतून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत आणि तो फरक ऋतूचा असू शकत नाही, कारण तो मे महिन्याच्या आधीच दिसू लागला होता.

खर्चाची बाजू पाहता पंख्यांवर सर्वाधिक पैसे गेले आणि त्यांचे उत्तर अजून मिळायचे आहे. थर्मास व तापमापकाला 600 रुपये लागले, वही आणि रात्रीच्या फेऱ्यांना झोपेखेरीज काही लागले नाही. हेच काम नव्याने करणाऱ्याने आधी रात्रीच्या फेऱ्या आणि वही, मग वितळवण्याचे पाणी, नंतर खुराक आणि सर्वांत शेवटी पंखे असा क्रम लावावा, असे मला वाटते. अर्थात फेब्रुवारी संपत आला असेल, तर पंख्यांना वर घ्यावे लागेल.

12 जानेवारी 2025

एक गाय अजूनही राहिलेली नाही. तिचा माज दोन-अडीच दिवस लांबतो, म्हणजे स्त्रीबीज उशिरा सुटत असावे. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पुढच्या माजाला रेतनाच्या वेळी संप्रेरकाचे इंजेक्शन आणि बारा तासांनी दुसरी कांडी, असा प्रयत्न करून पाहायचा आहे. तिची अपेक्षित तारीख 23 जानेवारी आहे. तेव्हाही ती उलटली, तर तिचे दूध आटेपर्यंत ठेवून नंतर काय करायचे, हे अण्णांवर सोडले आहे.

वाढे सुरू झाले आहेत. निवळीचे पिंप गव्हाणीच्या शेजारीच ठेवले आहे. नायट्रोजनची पुढची भरणी 20 तारखेला आहे आणि या वेळी आमच्या गोठ्याची पाळी आहे.